तीन वर्षं थांबायचं, ते पोरांसाठी

आमच्या क्लबच्या मैदानावर एका गोलपोस्टच्या मागे बुटकी भिंत आहे. तिच्यावर बसणाऱ्या लोकांना सगळे ‘कट्टा’ म्हणतात. कट्ट्याचा आवडता विषय फुटबॉल नाही, भरती आहे. दरवर्षी उन्हाळा संपत आला की क्लब चाचणी घेतो आणि दहा-बारा नवी पोरं निवडतो. ती त्या वर्षाची भरती. मग वर्षभर एकच वाद चालतो, कुठली भरती भारी?

प्रत्येक भरतीला कट्ट्याने नाव दिलेलं आहे. लॉकडाऊन उठल्यावर जी पहिली चाचणी झाली ती ‘लॉकडाऊनवाली’. त्यातला स्टॉपर पुढे पुण्याला खेळायला गेला, म्हणून ती भरती कट्ट्यावर देवासारखी पुजली जाते. तिच्या पुढची ‘गुडघेवाली’, कारण एकाच मोसमात तिघांचे गुडघे गेले. त्यानंतरची ‘रीलवाली’. ही पोरं प्रॅक्टिसपेक्षा जास्त वेळ मोबाईलसमोर असतात.

हे सगळं मला माहीत आहे कारण मी पहिलीत असल्यापासून बाबा मला स्कूटरवर पुढे उभं करून तिथे नेत. मी बोलायची नाही. अजूनही फारशी बोलत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, तिथलं मराठी म्हणजे आठवड्यातले काही तास आणि पाठ केलेले निबंध. चालतंबोलतं मराठी मी कट्ट्यावर ऐकून शिकले. घरी बाबांचं आणि माझं बोलणं असं कधी नव्हतंच. जेवताना भरतीवर मात्र आम्ही तासभर बोलू शकायचो. आई ताट उचलून न्यायची तरी आमचं चालूच.

कट्ट्यावर शेवटचा शब्द आडतेकाकांचा. ते मूळचे सांगोल्याचे, डाळिंबाची आडत करतात, आणि पोरं त्यांना डाळिंबासारखीच दिसतात.

“गुडघेवाली भरती म्हंजे तेल्या रोग पडलेली बाग,” ते म्हणायचे. “वरनं लालभडक दिसतंय, जवळ जाऊन बघावं तर डागच डाग.”

“काका, तीन वर्षं थांबा की. आत्ताच कशाला निकाल लावताय?” हे बाबा. त्यांचं ठरलेलं वाक्य. भरती कशी निघाली ते तीन वर्षांनी कळतं, त्याआधी बोलणाऱ्याला खेळ कळत नाही.

“व्हय, ते बी खरं हाय,” काका म्हणायचे. “डाळिंब बी पहिल्या सालाला धरत न्हाईत. झाडाला ताकद येऊ द्यावी लागती.”

भिंतीच्या टोकाला एक चाचा बसतात. ते तरुणपणी क्लबचे गोलकीपर होते. त्यांचं म्हणणं वेगळंच. “तुम लोगां भरती गिनते बैठो. गोलकीपर कौन देखता? कोई नै देखता.”

दोन वर्षांपूर्वी क्लबने मुलींची भरती घेतली. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. चाचणीला गेले आणि निवडले गेले. त्या संध्याकाळी नवी जर्सी घालून भिंतीजवळ गेले तेव्हा आडतेकाकांनी विचारलं, “काय गं, तू कशी काय ह्या कपड्यात?”

मी आयुष्यात पहिल्यांदा कट्ट्यावर मोठ्याने बोलले. म्हणाले, “काका, आता मी पण भरतीची!”

अख्खी भिंत हसली. काका खोकेपर्यंत हसले. “लई प्रामाणिक पोरगी हाय की तुमची!” ते बाबांना म्हणाले. बाबांनी मांडीवर थाप मारली आणि तेही हसले. मला वाटलं, सगळ्यांना आनंद झाला आहे. मीही हसले.

शाळेच्या पुस्तकात भरती होती ती समुद्राची, ओहोटीबरोबरची. दुसरी भरती मला कट्ट्याने शिकवली. तिसरी कळायला काही आठवडे गेले. एका मॅचमध्ये राइट बॅकने सोपा बॉल बाहेर घालवला आणि मागून कुणीतरी ओरडलं, “अरे त्याला काढा, भरतीचाय नुसता!” तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भरतीचा म्हणजे निवडलेला नाही. भरतीचा म्हणजे जागा रिकामी दिसू नये म्हणून घातलेला. मी स्वतःच्या तोंडाने, नवी जर्सी घालून, हसत हसत तेच सांगून आले होते. शब्द मला माहीत नव्हता हे मी समजू शकते. बाबांना माहीत होता. स्कूटरवर घरी येताना त्यांना सांगता आलं असतं.

आमच्या भरतीला कट्ट्याने नाव ठेवलं नाही. चांगलं नाही, वाईटही नाही. एखादं ‘वेणीवाली’ जरी म्हणाले असते तरी मी चिडले असते, पण निदान त्यांनी बघितलं असं झालं असतं.

यंदा आमच्यातल्या दोघी नोकरीला पुण्याला गेल्या, एकीचं लग्न झालं, एकीला घरच्यांनी स्पर्धा परीक्षेला बसवलं. नव्या मुली आल्या नाहीत तर अकरा होणार नव्हत्या, आणि अकरा नाहीत तर जिल्ह्याच्या स्पर्धेत संघच नाही. आमची गोलकीपर इथल्याच भवानी पेठेत राहते. तिच्या घरी तेलुगू बोलतात आणि दारातच यंत्रमाग धडधडत असतो. तिने स्वतःच्या गल्लीत सहा मुली तयार केल्या होत्या. रोज संध्याकाळी, बंद दुकानाच्या शटरला गोल समजून. त्यांना तिने शब्द दिला होता की चाचणी होणार, तुम्हाला मैदानावर नेते. मीही अधूनमधून जायचे. त्यातल्या एकीचा डावा पाय असा होता की शटर वाजलं की वरच्या मजल्यावरचे लोक शिव्या द्यायचे.

मुलींची चाचणी घ्यायची की नाही हे क्लबच्या कमिटीने ठरवायचं. पण कमिटीतले अर्धे लोक भिंतीवरच बसतात. निर्णय कमिटीच्या नावाने निघतो, होतो भिंतीवर. एका रविवारी संध्याकाळी तो विषय निघणार हे आम्हाला कोचने सांगितलं. गोलकीपर आणि मी गेलो आणि भिंतीपासून थोड्या अंतरावर उभ्या राहिलो. वारा सुटला होता, मैदानातली धूळ सगळ्यांच्या चहात पडत होती.

आधी नेहमीचं झालं. लॉकडाऊनवाल्यांतले किती अजून पहिल्या अकरात आहेत, गुडघेवाल्यांतला एक कसा परत उभा राहिला. बाबा रंगात आले होते. “मी म्हणत नव्हतो? तीन वर्षं थांबा म्हणून? आता बघा त्याला!” रीलवाल्यांवर कुणी बोट ठेवलं तर त्यांना आणखी दोन वर्षं द्या म्हणून बाबाच भांडत होते.

मग आडतेकाका म्हणाले, “बरं, त्या पोरींचं काय करायचं? माझं म्हननं, यंदा राहू द्या. त्यांचं रविवारचं मैदान नव्या पोरांना देऊ. एक भरती घेतली, काय निघालं त्यातनं? निम्म्या गेल्या. नुसती भरतीची भरती झाली.”

हसले. सगळे नाही, पण पुरेसे.

गोलकीपरने माझ्या कोपराला धरलं. बोल म्हणून धरलं की गप्प बस म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. मी बोलले.

“काका, तुम्ही सगळेच म्हणता तीन वर्षं थांबावं. आम्हाला दोनच झाली.”

“ते पोरांचं गं बाळ.” अगदी मायेने बोलले ते. त्या मायेने मला जास्त राग आला. “तुमचं वेगळं असतंय. आज हाय, उद्या सासरी.”

“पुण्याला गेलेल्या स्टॉपरला तुम्ही हार घातला. पुण्याला गेलेल्या आमच्या मुली मात्र वाया गेल्या. असं का?”

“आँ? तो खेळायला गेला की.”

“आमच्या मॅचला तुमच्यातलं कोण आलं होतं? एकाने तरी आमचा खेळ बघितलाय का?”

एकाने चहाचा कप उपडा करून झटकला. मी बाबांकडे बघत नव्हते. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

“बरं, उगं वाद नको,” काका म्हणाले. “पोरींची भरती व्हावी असं ज्याला वाटतंय त्यानं हात वर करावा.”

चाचांनी चहाचा ग्लास धरलेलाच हात वर केला. “मेरा हाथ ऊपर है, गिन लो. वो गोलकीपर छोकरी को मैं देखा. बॉल पे पोरांसे अच्छी गिरती है.”

आणखी एक हात अर्धा वर आला आणि डोकं खाजवून खाली गेला. तेव्हा मी बाबांकडे बघितलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. ते मैदानाकडे बघत होते, तिथे काहीच चाललेलं नसताना.

“झालं तर मग,” काका म्हणाले.

बाबा उठले, स्कूटर काढली, माझ्याजवळ आणून उभी केली. “चल, बस.”

“मी चालत येते.”

“अगं, तिथं सगळ्यांचं मत एक होतं. मी एकट्याने हात वर करून काय झालं असतं?”

“दोन हात झाले असते,” मी म्हणाले आणि चालायला लागले.

गोलकीपर आणि मी भवानी पेठेपर्यंत चालत गेलो. गल्लीत त्या सहाजणी वाट बघत होत्या. डाव्या पायाच्या मुलीने कुणाचे तरी मोठे बूट पुढे कापड कोंबून घातले होते. गोलकीपरने त्यांना तेलुगूत सांगितलं. मला शब्द कळले नाहीत, तोंडं उतरलेली दिसली. मग ती मुलगी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, “पण ताई, आमचा खेळ तर त्यांनी बघितलाच न्हाई की. मग आमी वाईट खेळतो असं कोण बोललं?”

कट्ट्यावर इतकी वर्षं बसून मी भरतीबद्दल जे शिकले त्यातलं काहीच तिला सांगण्यासारखं नव्हतं. “कुणीच बोललं नाही,” मी म्हणाले. ते खरं होतं आणि त्याचाच मला संताप येत होता.

घरी पोचले तेव्हा बाबा जेवायला थांबले होते. मी हात धुऊन बसले. मग त्यांनी त्यांच्या पद्धतीने समेट सुरू केला.

“रीलवाल्यांतला तो लेफ्ट बॅक बघितलास का परवा? पुढच्या वर्षी तो पक्का होतो बघ. लिहून ठेव.”

इतर कुठल्याही दिवशी मी म्हणाले असते की त्याचा उजवा पाय लाकडाचा आहे. बाबा म्हणाले असते, तीन वर्षं थांब. आई ताट उचलायला आली असती.

“आमच्या टीमचा लेफ्ट बॅक कोण आहे, बाबा?”

ते थांबले. आठवायचा प्रयत्न त्यांनी खरोखर केला, मला दिसत होतं. लॉकडाऊनवाल्यांतल्या प्रत्येकाची जागा, उंची, कुठला गुडघा दुखतो हे झोपेतून उठवलं तरी सांगणारा माणूस.

“ती... गोलकीपरची मैत्रीण आहे ना, उंच आहे, ती?”

“मी आहे,” मी म्हणाले. “दोन वर्षं झाली.”

आई दाराशी आली होती, ती तिथेच उभी राहिली. बाबा म्हणाले, “अगं, ऑफिस असतं गं, दुपारच्या मॅचला कसं यायचं...” मी उरलेली भाकरी संपवली, स्वतःचं ताट उचललं आणि घासून ठेवलं. त्यानंतरच्या रविवारी ते हेल्मेट घेऊन दारात उभे राहिले आणि येतेस का म्हणाले. मी बूट घालत होते. मी म्हणाले, मी भवानी पेठेत चालले आहे, तिथे त्या सहाजणींची मॅच आहे, रविवारी संध्याकाळची आहे, ऑफिसच्या वेळात येत नाही.