पदरावरचा मोर

"डोळ्यांवर पट्टी मारली होती, मान्य. पण पदर कुणी झाकायचा?" हिंदुरावांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

"डॉक्टरीणबाई तोंडाचा फोटो काढते म्हणाल्या होत्या," विठा चपाती लाटता लाटता म्हणाली. "पदराचं काही बोलल्या नव्हत्या."

"आजारपणाच्या फोटोला ठेवणीतली साडी नेसून कोण जातं?"

"कंपनीच्या ओळखपत्राच्या फोटोला तुम्ही साडूंचा कोट घालून गेला होता. बाह्या बोटांच्या पुढं आल्या होत्या."

कोपऱ्यात ताटं पुसत बसलेल्या लेकीला, तेजलला हसू आलं. आपल्याच लग्नाचं घोंगडं भिजत पडलेलं असताना आपण हसू नये, हे तिला जरा उशिरा सुचलं.

"मला विचारायचं तरी."

"विचारलं होतं. मॅच चालू होती. तुम्ही 'हं' म्हणालात."

हिंदुरावांना तो 'हं' आठवेना, मॅच मात्र आठवली. पण प्रश्न मिटलेला नव्हता. दुपारी शहाडहून मोतीबाईंचा, म्हणजे तेजलच्या होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला होता. त्यांचा विक्रांत उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायचा. डिसेंबरात लॅबचे डॉक्टर त्याला मुंबईला एका अधिवेशनाला घेऊन गेले होते. अंगातल्या रोगप्रतिकारशक्तीचा अभ्यास करणाऱ्यांची देशपातळीवरची संस्था, तिची वर्षाची सभा. तिथल्या मोठ्या पडद्यावर विक्रांतला एका बाईचा चेहरा दिसला. डोळ्यांवर काळी पट्टी, दोन्ही गालांवर लालभडक चट्टे आणि खांद्यावर जांभळ्या इरकलीचा पदर. पदरावर मोर.

तो मोर जगात एकच होता. विठाच्या भावानं दिलेल्या त्या साडीचा पदर इस्त्रीनं जळाला, तेव्हा भोकावर तिनं रेशमाचा मोर भरला. पिसाऱ्याला जागा पुरली नाही आणि मोराचा कोंबडा झाला. दिवाळीनंतर मंडळी तेजलला बघायला आली, तेव्हा मोतीबाईंनीच विचारलं होतं, "विहीणबाई, हा मोर का कोंबडा?" सगळे खळखळून हसले होते, आणि खरं तर त्या हसण्यातच सोयरीक जुळली होती. विक्रांतनं अधिवेशनाहून आल्यावर आईला गंमत म्हणून सांगितलं. आईला त्यात गंमत दिसली नाही.

"तुम्ही आजार लपवलात," फोनवर त्या एवढंच म्हणाल्या. "आम्ही रविवारी येतोय."

लपवला होता, हे खरं. बघायला मंडळी यायची त्या सकाळी विठा म्हणाली होती, सांगून टाकू. हिंदुराव म्हणाले होते, विचारलं तर सांगू. विठाच्या गालावरचे चट्टे तोवर औषधानं फिके पडले होते. उरलेले पावडरीखाली गेले. कुणी विचारलं नाही.

"आणि आता त्या डॉक्टरीणबाई तुला स्टेजवर बसवणार म्हणतात," हिंदुराव पुन्हा पेटले. "पडद्यावर झालं ते कमी झालं?"

ही दुसरी गोष्ट. ती संस्था दर वर्षी एक व्याख्यान साध्या माणसांसाठी ठेवायची. यंदा ते उल्हासनगरच्या टाउन हॉलमध्ये होतं, पुढच्याच्या पुढच्या रविवारी. डॉक्टरीणबाईंनी विठाला विचारलं होतं, व्याख्यान झाल्यावर दहा मिनिटं वर येऊन बसाल का? काय काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा. विठानं अजून हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं.

"नाही म्हणून कळव. विषय संपला," हिंदुराव म्हणाले आणि ताटावर बसले.

विठा लग्न होऊन खटाव तालुक्यातून अंबरनाथला आली, तेव्हापासून तिनं स्वस्थ बसून दिवस घालवला नव्हता. हिंदुराव आनंदनगरच्या कारखान्यात, घरात सासू गोजरबाई आणि कडेवर तेजल. चाळीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल-बिडिंग करता करता तिनं स्वतःचं मशीन घेतलं. चाळिशी उलटल्यावर एका उन्हाळ्यात गाल लाल झाले. मग बोटांची पेरं सुजली. दोरा सुईत ओवता येईना तेव्हा ती घाबरली. दोन वर्षं तीन ठिकाणची मलमं लावून झाली. कुणी गजकर्ण म्हटलं, कुणी उष्णता. गोजरबाईंनी गेरू लावला. समोरच्या खोलीतली बाई आपल्या लेकीची ओढणी बिडिंगला द्यायची बंद झाली. लागण होईल म्हणून, असं ती दुसऱ्या कुणाला तरी म्हणाली आणि ते फिरून विठाच्या कानावर आलं.

शेवटी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नाव सापडलं. ल्युपस. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "आपल्या रक्तात पहारेकरी असतात. तुमचे पहारेकरी घरच्याच माणसांना चोर समजून बडवतायत."

सोबत आलेल्या गोजरबाईंनी मान हलवली. "म्हंजी आमच्या भावकीसारखंच की."

डॉक्टरीणबाई हसल्या होत्या. मग गोळ्या सुरू झाल्या, उन्हात फिरायचं बंद झालं. बारा महिने छत्री घेऊन बाजारात जाते म्हणून चाळीतली पोरं तिला छत्रीवाल्या काकू म्हणू लागली. आजार जन्माचा होता, पण बोटं पुन्हा चालू लागली. आणि गोळ्या सुरू व्हायच्या आधी त्याच बाईंनी फोटो मागितला, तेव्हा विठाला वाटलं, एवढ्या शिकलेल्या माणसांपुढं आपण जाणार तर नीटनेटकं जावं. म्हणून इरकल.

रविवारी मोतीबाई आणि विक्रांत आले. मोतीबाईंनी पोह्यांची बशी हातात घेतली. हे चांगलं लक्षण होतं. पण खाल्लं नाही.

"मी भांडायला नाही आले," त्या म्हणाल्या. "माझ्या जावेला कोड होतं. तिच्या तिन्ही पोरींची लग्नं अडली. कोड लागत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं, तरी अडली. लोक डोळ्यांनी बघतात, विहीणबाई, डॉक्टरच्या कागदानं नाही."

"पण हे आईकडून मुलीला..." हिंदुराव चाचरले.

"होईलच असं नाही," विक्रांत म्हणाला. "मी आमच्या डॉक्टरांना विचारलंय. मला काही प्रॉब्लेम नाही."

"तुला नाही. घरात दहा पाहुणे बोलतील त्यांचं काय?" मोतीबाईंनी त्याच्याकडे न बघता म्हटलं. "मी मोडत नाही. पोरगी मला आवडलीय. फक्त लग्नापर्यंत बोभाटा नको. विक्रांतच्या डॉक्टरांकडून कळलं, ते स्टेजबिज नको. आणि कन्यादानाला तेजलचे चुलता-चुलती बसू देत. विहीणबाईंना उन्हाचा, होमाच्या धगीचा त्रास होतो, असं सांगता येईल. खोटंही नाही ते."

हिंदुरावांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. त्यांनी विठाकडे बघितलं. ती विक्रांतकडे बघत होती.

"जावईबापू, तिथं माझ्याबद्दल काय बोलले?"

विक्रांतला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "तुमचे दोन फोटो होते, काकू. एक आजाराचा, एक गोळ्या चालू झाल्यावरचा. तुमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, या पेशंटला दोन वर्षं चुकीची मलमं मिळाली, तोवर किडनीवर जाऊ शकलं असतं. नशिबानं गेलं नाही."

"मग?"

"मग मागून एक डॉक्टर उठले. नांदेडकडचे कुठले तरी, वयस्कर होते. माईक घेऊन म्हणाले, माझ्याकडे एक पोरगी येते, सतरा-अठराची, तिचे गाल असेच आहेत. मी तिला गजकर्णाचं मलम देतोय. एवढं बोलून ते थांबलेच. मॅडमनी त्यांना तिथंच रक्ताची कुठली तपासणी करायची ते लिहून दिलं."

"त्या पोरीचं काय झालं पुढं?"

"ते कसं कळणार, काकू? पण तपासलं असेल. ते लगेच बाहेर जाऊन फोन करत होते."

विठानं पदरानं हात पुसले. हात कोरडेच होते. तेजल आतल्या दारात उभी होती. ती आईकडे बघत होती, विक्रांतकडे नाही, आणि हे मोतीबाईंच्याही लक्षात आलं.

"विचार करून कळवा," त्या उठल्या. पोहे तेवढ्यात त्यांनी दोन घास खाल्ले, अन्नाचा अपमान नको म्हणून. दारात बूट घालताना विक्रांत खाली वाकूनच म्हणाला, "व्याख्यान सकाळी दहाला आहे. आमची लॅब सगळी जाणार आहे."

"चल," मोतीबाई म्हणाल्या. पण त्यांनी त्याला गप्प केलं नाही.

ते गेल्यावर हिंदुरावांनी पंखा वाढवला. "बाई वाईट नाही बोलली. दोन महिन्यांचा प्रश्न आहे. लग्न होऊ दे, मग हवी तेवढी भाषणं कर."

"दोन महिन्यांत किती मलमं लागतात, ठाऊक आहे?" विठा बशा गोळा करत म्हणाली.

"कुणाला?"

"कुणाच्याही पोरीला."

"आपल्या पोरीचं काय?"

"मला विचाराल का कुणी?" तेजल दारातूनच म्हणाली. "माझ्या कन्यादानाला काकी बसणार असेल, तर मी सरळ रजिस्टर करते. काकीला माझं जन्माचं वर्षसुद्धा माहीत नाही."

"हिनं तोंड कुणाचं घेतलंय," हिंदुराव म्हणाले.

"माझं न्हाई," गोजरबाई खाटेवरून म्हणाल्या. "मी घाबरट. म्या सुनेच्या गालाला गेरू फासला. चांगला घट्ट फासला." मग थोडं थांबून, "त्या नांदेडच्या पोरीलाबी कुणी म्हातारी फासत असंल."

हिंदुरावांनी पंखा पुन्हा कमी केला.

विठानं बशा मोरीत ठेवल्या, नळ बंद केला आणि बाहेर येऊन कपाटाची किल्ली कमरेची काढली.

"त्या रविवारी मी टाउन हॉलला जाणार," ती म्हणाली. "पट्टी नाही, काही नाही. कन्यादानाला मी आणि तुम्ही बसणार. मोतीबाईंना फोन मी करते आत्ताच, तुम्ही मध्ये बोलू नका. चपात्या करून ठेवीन, भाजी तेवढी तुम्ही करा. आणि साडी तीच नेसणार आहे."