घरी करायचे उपक्रम

काहीही बोलायच्या आधी ती पदराला दोन्ही हात पुसायची. हात कोरडे असले तरी. मग म्हणायची, "मॅडम, राग मानू नका, पण एक विचारते." आणि ती विचारायची ते ऐकून राग यायचाच, कारण उत्तर आपल्याकडे नसायचं.

दिवा गावातल्या आमच्या शाळेत तिची मुलगी दुसरीत, माझ्या वर्गात होती. नवरा गेल्यापासून ती डोंबिवलीत एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायची. तुम्हीही तिथून पोळ्या नेल्या असतील. आत कोण लाटतंय ते आपण बघत नाही. बाकीच्या आया ग्रुपवर सकाळी सकाळी गुलाबाची फुलं पाठवायच्या. हिचा फक्त व्हॉइस मेसेज यायचा, मागे लाटण्यांचा खडखडाट.

मतदानाच्या आदल्या दिवशी शाळेची इमारत ताब्यात गेली, म्हणून मोठ्या मॅडमनी "घरी शिकूया" दिवस ठरवला. उपक्रमांचं पान मीच टाइप केलं. स्वयंपाकघरात गोल वस्तू शोधा. तांब्याने पाणी मोजा. आईकडून गोष्ट ऐका. तीनपर्यंत फोटो पाठवा. आमच्या घराण्यात मी पहिली पदवीधर. पान झकास झालंय असं वाटून मी ते दोनदा वाचलेलं. दिव्यात दिवसाआड नळ येतो, पाणी कुठलं मोजणार, हेसुद्धा डोक्यात आलं नाही.

ती मुलीला घेऊन केंद्रात गेली. मुलीने डब्याचं झाकण प्रत्येक पोळीवर ठेवून पाहिलं. कड झाकणाबाहेर आली की पोळी नापास. मालकीणबाईंचीच नापास झाली.

"पुन्हा लाटा काकू," मुलगी म्हणाली, आणि बाया लाटणी टाकून हसत बसल्या.

कणकेला किती तांबे पाणी लागतं ते तिने मोजलं. गोष्टी चौघींनी सांगितल्या, त्यातली एक भुताची. फोटोत पोरगी परातीशेजारी, नाकाला पीठ, तोंडभर हसू. अख्ख्या वर्गात एवढं कोणी केलं नव्हतं. बाकीच्यांच्या फोटोंतल्या निम्म्या वह्या तर आयांच्याच अक्षरातल्या.

मतदानानंतर शाळा भरली तेव्हा मोठ्या मॅडमनी फोटो पाहिला. "हे काय, पोरीला कामाला लावलंय असं दिसतं. पालकांच्या ग्रुपवर कसं टाकणार? घरचे फोटो मागवा. नाहीतर प्रगतिपुस्तकात 'अपूर्ण' लिहा."

हेच पूर्ण आहे, असं मी म्हणायला हवं होतं. मी फोन लावला.

"मॅडम, राग मानू नका," ती म्हणाली, "पण घरी आहे कोण?"

माझी आई ठाण्याला कोपरीत लोकांकडे धुणीभांडी करायची. त्यांच्या मोरीच्या उंबऱ्यावर बसून मी पाढे पाठ केले. त्या क्षणी हे आठवलंच नाही, असं सांगून मला सुटता आलं असतं. आठवलं होतं. तरी मी म्हणाले, "ताई, नियम आहे."

"तिच्या पुस्तकात लाल शेरा नको. करते काहीतरी."

लग्नसराईची ऑर्डर होती. मालकीणबाई नको म्हणत असताना तिने दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली. शेजारणीकडून टेबल आणलं, कुंडी आणली, मुलीला गणवेश घातला. फोटो आला. ताठ बसलेली मुलगी, समोर प्लास्टिकची फळं. मोठ्या मॅडमनी तो लगेच ग्रुपवर टाकला, खाली टाळ्यांची रांग लागली. त्या टाळ्या आठवल्या की अजून माझं डोकं फिरतं. एक टाळी माझीही होती.

त्याच दिवशी केंद्रात तिच्या जागी दुसरी बाई लागली.

महिनाभर तिने काम शोधलं. मिळालं नाही तेव्हा दिव्यातली खोली सोडून खडवलीला भावाकडे जायचं ठरवलं आणि मुलीचा दाखला न्यायला आली. दाखल्यावर शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना असतो. खरं कारण मला तोंडपाठ होतं. मोठ्या मॅडम शेजारी उभ्या होत्या. मी लिहिलं, "पालकांच्या विनंतीवरून."

ती बोट ठेवून एकेक अक्षर वाचत गेली. त्या ओळीवर बोट थांबलं.

"मी विनंती कधी केली, मॅडम?"

मी मान खाली घालून शिक्का मारला. "शाई ओली आहे," एवढंच म्हणाले, "जपून न्या."

दाखला दोन्ही हातांत आडवा धरून ती जिना उतरली. मुलगी टाचा उंचावून, प्रत्येक पायरीवर, त्याच्यावर फुंकर घालत होती.