काढलेला रिले

मानपाड्याच्या गाळ्यात आम्ही दोघंच. माझे यजमान सर्किट बोर्ड जुळवायचे, सोल्डरिंग करायचे, मी तपासायचे. माझी यादी अकरा मुद्द्यांची. ती पूर्ण झाल्याशिवाय बोर्ड बाहेर जात नसे.

त्या आठवड्यात कोपरीच्या एका डॉक्टरांचं काम होतं. त्यांच्याकडे अपुऱ्या दिवसांची बाळं काचेच्या पेटीत ठेवत. लाइट गेली की पेटी आपोआप बॅटरीवर जायला हवी, एवढ्यासाठी हा बोर्ड. सातव्या मुद्द्यापर्यंत सगळं ठीक. आठवा: चालू बोर्डावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करायची. केली, आणि तपासणीसाठी जोडलेला बल्ब विझला.

भिंग घेतलं. पुरवठा फिरवणाऱ्या रिलेच्या पायाशी सोल्डर धरलंच नव्हतं. शेजारचा टाकाही तसाच. मग आणखी दोन. अकरा वर्षांत यांच्या हातचा एकही टाका कच्चा निघाला नव्हता. महिनाभर हे चहा अर्धाच कप मागत होते. का, ते तेव्हा कळलं.

हे जेवायला गेले होते. मी चारही टाके नव्याने घातले, रिलेही बदलला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: दोष – रिले खराब. माझी पहिली खोटी नोंद.

पण काढलेला भाग तपासल्याशिवाय टाकायचा नाही, हा यांचा नियम. आल्या आल्या यांनी मीटर लावला.

"अगं, रिले तर ठणठणीत आहे."

"तापल्यावर अडकत असेल."

"तुला खोटं बोलायलासुद्धा यादी लागेल," म्हणून हे हसले. मग बोर्ड उलटा केला. माझे चार टाके नवे, चमकते. हसणं थांबलं.

"कधी कळलं तुला?"

"आत्ताच. तुम्हाला?"

"दिवाळीत. नसांच्या डॉक्टरला दाखवलंय. हाताची थरथर वाढतच जाणार म्हणाला."



दुसऱ्या दिवशी यांनी सोल्डरिंगची खुर्ची मला दिली. मी जुळवलेला पहिला बोर्ड हे तपासायला बसले. टकटक केली. बल्ब पेटलेलाच. पुन्हा केली, जरा जोरात, चारी कोपऱ्यांत. माझा एक तरी टाका कच्चा निघावा, असं मला फार वाटत होतं. निघाला नाही.

"पास लिही," हे म्हणाले. पेन यांच्यासमोरच होतं. यांनी ते उचललं नाही.