बाबांची आडवी भिंत
भिंत आडवी ओततात आणि मग क्रेननं उभी करतात, हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबा इतके हसले की त्यांना ठसकाच लागला. "काहून व पोरी, भिंत का म्हातारी होय, लेटून राहाले?"

उभा जन्म गवंडीकाम केलेला माणूस! मोहाडीपासून आंधळगावपर्यंत त्यांच्या हातच्या भिंती आहेत. पण परांचीवरून पडले, पाय मोडला अन् चढणं कायमचं बंद झालं. "भिंतीच्या कामाचा नाही राहिलो मी," म्हणायचे आणि दिवसभर सगळ्यांवर चिडचिड करायचे. जीव तुटायचा माझा, रागही यायचा.

मी सुपरवायझर होते ती साइट धानाच्या गोदामाची. आधी फरशी घालायची, भिंत तिला चिकटू नये म्हणून औषध फवारायचं, मग चौकट लावून, सळया बांधून त्याच फरशीवर चारी भिंती ओतायच्या. सगळं काम जमिनीवर! शिडी नाही, परांची नाही. हे डोक्यात शिरलं अन् मी तडक घर गाठलं. बाबांच्या हातात त्यांचा गिलाव्याचा गुरमाळा दिला. "चला बाबा. चढाचं नाही, बसाचं हाय."

कुरकुरत आले. पण ओल्या काँक्रीटवर गुरमाळा फिरायला लागला अन् माणूसच बदलला. आडव्या फळीवर बसून, सरकत सरकत, एक अख्खी भिंत गुळगुळीत केली त्यांनी! मग रोज तिच्यावर पाणी मारायलाही तेच.

एका सकाळी बघतो तर काय, शेजारच्या वावरातल्या बायांनी खळं समजून तिच्यावर धान वाळत घातलेलं! बाबा काठी आपटत ओरडले, "अवं, उचला ते धान! भिंत होय ते!"

"हे भिंत?" एक बाई म्हणाली. "मंग पडली कवा, भाऊ?"

क्रेन आली त्या दिवशी मी एकेक दोर दोनदा ओढून पाहिला. भिंत तडकली तर दुसरी ओतता आली असती, पण बाबांनी पुन्हा हत्यार हातात धरलं नसतं. हे मला पक्कं ठाऊक होतं.

दोर ताणले गेले. भिंत हलेना. मग 'चट्' असा आवाज आला अन् बाबांनी डोळे घट्ट मिटले.

"तडकली व!"

"नाही बाबा, सुटली! पाहा ना!"

बाप्पा रे बाप्पा, काय उठली ती! एवढं अवजड धूड, पण एक टवका उडाला नाही. पोरांनी तिरपे टेकू लावले अन् मी चक्क उड्या मारल्या, सगळ्यांसमोर. संध्याकाळपर्यंत चारी भिंती उभ्या! विटा रचत बसलो असतो तर किती दिवस गेले असते.

बाबा मात्र आपल्या भिंतीजवळून हलेनात. मान मागे टाकून वरच बघत होते. मग मला जवळ ओढलं अन् काठीनं दाखवलं.

"तो वरचा काठ दिसून राहिला का तुले? तिथं बसून चहा पेलो मी."