हिपॅटायटिस सी आणि आमचं पांढरं वरण

घरात एखादा आजार आला की किस्से धुण्यासारखे साठतात. एक बादली वाळत घालेपर्यंत दुसरी भरलेली! बाळंतपणाच्या वेळी माझ्या रक्तात हिपॅटायटिस सी निघाला आणि अंबडच्या आमच्या घरात तेव्हापासून हेच चाललंय.

*

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, लिव्हरचा आजार म्हणजे कावीळ एवढंच ठाऊक. आणि कावीळ म्हणजे हळद बंद. त्यांनी सगळ्या घराचीच बंद केली. पांढरं वरण, पांढरी भाजी. शेवटी नवरा वैतागला.

"आई, हिला कावीळ न्हाई. आन् असली तरी माझी हळद कामून बंद?"

"बायकोला साथ द्याया नगं का?"

*

मग टेंभुर्णीकडच्या एका बाबांकडे वरात निघाली. ते हाताला चुना चोळून धुतात. पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली! मी बी.एस्सी. झालेली. चुन्यात काय मिसळता, हा प्रश्न अगदी ओठावर होता. हात मात्र शहाण्या मुलीसारखे पुढे केलेले. पाणी पिवळं झालं. नवऱ्याने गंमत म्हणून आपलेही हात पुढे केले, तर त्याचं पाणी माझ्याहून पिवळं!

आत्याबाईंचा चेहराच उतरला. "बबन, तुला कवापासून हाय रे?"

*

मी तरी कुठे कमी? फोनवर वाचून वाचून इतकी घाबरले, की माझ्या कपाला नेलपॉलिशची खूण करून तो वेगळा ठेवला. एकदा शेजारच्या मारवाडी काकू चहाला आल्या आणि नेमका तोच कप तोंडाला लावला. मी किंचाळलेच!

काकू शांत. "बेटा, डॉक्टर काय बोलले? रक्तातून होतो ना? मंग या कपात चहा हाय का रक्त?"

आणि वर म्हणाल्या, "साखर कमी हाय."

*

जालन्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांशी मी वादच घातला. "काही दुखत नाही, भूक बराबर लागते, मग गोळ्या कशाला?"

"ताई, दाराला वाळवी लागली तर दार ओरडतं का?"

पुढे ते म्हणाले, "बाळाला पाजणं सुटलं की सुरू करू. घाई नाही, पण टाळू नका." यातलं 'घाई नाही' एवढंच मी घरी घेऊन आले!

तेव्हापासून कुणी विचारलं की उत्तर तयार, "ओवी अजून अंगावर पिते ना." ओवी सव्वा वर्षाची झाली, भाकरी खायला लागली, कुत्र्याला हाड् म्हणायला लागली, तरी माझं उत्तर तेच. नवरा एकदा म्हणालाच, "भ्या वाटून राह्यलं तुला, आन् नाव लेकराचं!"

आत्याबाई मात्र माझ्या बाजूने. "लेकराचं तोडू नगं. ते आपून होऊन सोडील, मंग बघू गोळ्यांचं." मला तेवढंच हवं होतं. पण ओवी खेळताना दिसली की तव्यावरची भाकरी करपायची. तिलाही माझ्याकडून आलाय का, ही तपासणी ती दीड वर्षाची झाल्यावर व्हायचीय. निदान माझं तरी मी बरं करून घ्यायला नको का? आणि गोळ्या सोसल्या नाहीत तर? भाकरी थापताना माझं हेच चालायचं.

*

परवा मनाचा हिय्या केला. कुंडीतली कोरफड कापली आणि तिचा कडू गर छातीला लावून बसले. आत्याबाई दारातून ओरडल्या, "काय करून राह्यली गं? तिला रडवती का?"

ओवी आली. तोंड लावलं. चेहरा असा वाकडा केला, की हसावं का रडावं कळेना. ती रडली नाही. रडले मीच.

ओवी माझ्याकडे बघत बसली. तिच्या मुठीत भाकरीचा चघळून चघळून ओला झालेला तुकडा होता. तो तिने माझ्या तोंडात कोंबला.

आत्याबाईंनी पदराने ओवीचं कडू तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "खा. भरवलंय तर खा."

आणि आत तोंड करून हाक मारली, "बबन, जालन्याची सकाळची एसटी कवा हाय रे?"