शिकवून नेलेली पोर

साहेब शाळा तपासायला येणार म्हटलं की आम्ही मुलांकडून उत्तरं घोटून घेतो. कोणी कबूल करणार नाही, मी करते. जिल्हा परिषदेच्या नोकरीत ही खोड माझ्या अंगात पार मुरली होती.

मारेगावजवळच्या एका तांड्यावरच्या शाळेत मी असताना तिसरीत एक मुलगी होती. हसायची गोड, पण काल शिकवलेलं अक्षर आज तिला नवं. बाटलीचं झाकण कोणी उघडून दिलं नाही तर तहानलेली बसून राहायची. आधी वाटलं, घरी गोरबोली, शाळेत मराठी, म्हणून अडत असेल. पण पहिलीतली धाकटी बहीण तिच्यापुढे गेली, तेव्हा मी विशेष शिक्षकांना कळवलं. ते महिन्यातून एकदा फिरतीवर यायचे. त्यांनी तिला पाहिलं, अर्ज भरला, आईची सही घेतली. म्हणाले, "तालुक्याच्या शिबिरात तपासणी होईल. कमतरता कागदावर आली की हिच्यासाठी दर आठवड्याला शिक्षक येईल, हिच्या कलानं शिकवेल."

आणि मी शहाणीने काय करावं? तिची तयारी घ्यायला लागले! विशेष शिक्षकांच्या पिशवीतली चित्रं मी पाहिली होती. तशीच काढली, त्याच क्रमाने, आणि रोज मधल्या सुट्टीत म्हणून घेतली. चार लोकांत पोरीची फजिती होऊ नये, असं मनात होतं. खोटं कशाला बोलू, आपल्या शाळेचं नाक कापलं जाऊ नये, हेही होतंच.

शिबिरात रांग दारापर्यंत होती. तपासणाऱ्या बाईंकडे प्रत्येकासाठी जेमतेम दहा मिनिटं. चित्रं तीच निघाली. लाल, पिवळा, पेरू, कोंबडी. मुलगी धडाधड बोलत गेली. मी दाराशी उभी राहून तिच्याबरोबर ओठ हलवत होते. बाईंनी शेरा लिहिला, अभ्यासात मागे, विशेष सेवेची गरज नाही. मला चक्क आनंद झाला. स्टँडवर तिला आलूबोंडा घेऊन दिला. गंमत म्हणून विचारलं, "सांग बरं, माझी साडी कोणत्या रंगाची?" ती म्हणाली, "लाल, पिवळा, पेरू, कोंबडी." माझी साडी हिरवी होती.

विशेष शिक्षकांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, ही काय स्कॉलरशिपची परीक्षा होती?" पुन्हा तपासायचं तर नवा अर्ज, आईची नवी सही. अर्ज घेऊन मी तांड्यावर गेले. आईने तोवर घरोघर साखर वाटली होती.

"पास झाली न मॅडम पोरगी? मंग आता परत कायले नेता? लोकं पागल म्हन्तीन तिले."

मी सांगितलं, चूक माझी आहे, उत्तरं मीच पाठ करून घेतली होती.

"तं शिकली न ती!" आई म्हणाली. "इतके दिवस मले वाटे, देवानंच कमी देल्लं. म्हून कधी हात नाही लावला तिले. आता डाक्टरीनबाईनं लिहून देल्लं, काही नाही झालं तिले. मंग हा तं नुसता आळस हाय न?"

सही काही तिने केली नाही. मुलगी दाराआड उभी होती. तिच्या पोटऱ्यांवर काडीचे ताजे वळ होते.