बिनपेंडीच्या मेंढ्या

"साहेबाची बायको मुकी हाय का गं?"

"मुकी नाय. मेंढी हाय. मान खाली घालायची नि खायाचं."

हे मी न्हाणीघराच्या खिडकीआड केस पुसता पुसता ऐकलं. विचारणारी बेटेगावची कुणी पाहुणी होती. उत्तर देणारी लखमी, आमच्या शेडवर मेंढ्यांचं सगळं बघणारी. माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. राग आला नाही. मेंढ्यांबद्दल मात्र आपुलकी वाटायला लागली!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पालघर-बोईसर रस्त्यापासून जरा आत एका संशोधन केंद्रात ह्यांची नोकरी. आमचं क्वार्टर आणि मेंढ्यांची शेड यांच्यामध्ये फक्त तारेचं कुंपण. अशा ठिकाणी किस्से शेडमागच्या लेंड्यांसारखे साठतात. संध्याकाळी कितीही झाडा, सकाळी पुन्हा तेवढेच!

*

ह्यांचा प्रयोग ऐकायला सोपा होता. सहा मेंढ्यांना पेंढा, कोंडा आणि वर शेंगपेंड. दुसऱ्या सहांना पेंढा, कोंडा, पण शेंगपेंड नाही. पोट दोन्ही गटांचं भरायचं, प्रोटीन एकाच गटाला. मग दर आठवड्याला वजन करायचं आणि रक्तातलं वाढीचं हार्मोन मोजायचं. यावर ह्यांची पीएच.डी. व्हायची होती. "मुलगा डॉक्टर होणारच आहे," असं सासऱ्यांनी लग्नाच्या बैठकीतच सांगून टाकलं होतं, त्यामुळे आता माघार नव्हती!

मेंढ्या घाटावरून आणलेल्या. इकडे सगळ्यांना बकरी ठाऊक, मेंढी नवीन. पहिल्या दिवशी लखमी कमरेवर हात ठेवून बघतच राहिली.

"ही काय बकरी नाय. बकरीची सासू हाय. एवढ्या उकाड्यात गोधडी घेऊन बसली!"

*

रक्ताच्या नळ्या थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ घालून मुंबईच्या लॅबला पाठवायच्या. हे काम जीपचे ड्रायव्हर सावेभाऊ यांचं. एकदा त्याच जीपमध्ये, तशाच खोक्यात, त्यांनी मेव्हण्यासाठी पापलेटं घेतली.

संध्याकाळी लॅबमधून ह्यांना फोन आला.

"सँपल पोचली. एकदम ताजी आहेत. पुढच्या वेळी थोडी कोलंबी पण पाठवा!"

मेव्हण्याच्या बायकोने खोकं उघडल्यावर काय झालं ते सावेभाऊंनी कधीच सांगितलं नाही. विचारलं की ते जीपचं बॉनेट उघडून आत डोकं घालायचे.

*

एका रविवारी सालवडहून एक कामगार सायकल मारत आला. बोईसरच्या कुठल्याशा कारखान्यात पॅकिंगला होता. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, इथे उंची वाढवायचं औषध मिळतं.

"साब, मेरे साले को पुलिस में भरती होना है. दो इंच कम पड़ रहा है."

ह्यांनी त्याला ओट्यावर बसवून व्यवस्थित समजावलं. नुसत्या हार्मोनने काही होत नाही. उलट ज्या मेंढीला प्रोटीन कमी मिळतं, तिच्या रक्तात हे हार्मोन कधीकधी जास्तच सापडतं, तरी ती वाढत नाही. असं का, हे सांगायला ह्यांना अर्धा तास लागला. मध्ये दोनदा चहा झाला.

तो उठला, सायकलचं स्टँड काढलं आणि म्हणाला, "समझ गया साब. ऑर्डर बहुत है, कच्चा माल ही नहीं है!"

ह्यांनी त्या रात्री ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. पीएच.डी.चं अख्खं एक प्रकरण त्याने एका वाक्यात संपवलं होतं.

*

सासूबाईंचं दर पत्रात एक वाक्य ठरलेलं. 'गोग्रास चुकवू नकोस.'

आता क्वार्टरमध्ये गाय कुठून आणू? स्वयंपाकघराच्या मागे कुंपण, कुंपणाला लागून बिनपेंडीचा गट. चार पाय, रवंथ, चेहरा गरीब. देवाला चालेल, असं मी ठरवलं. पहिले काही दिवस पोळीचा घास. मग घासाबरोबर थोडी डाळ. शुक्रवारी भिजवलेले हरभरे. महिन्याभरात घासाची वाटी झाली!

त्या खिडकीतून मला बरंच दिसायचं. सावेभाऊ डबा खाऊन उरलेलं वालाचं बिरडं कुंपणावरून आत ओतायचे, "वाया कशाला?" म्हणत. मोठे साहेब, म्हणजे ह्यांचे वरिष्ठ, पहाटे फिरायला निघायचे. झब्ब्याच्या खिशात भाजलेले शेंगदाणे. अर्धे स्वतःला, अर्धे कुंपणापलीकडे. वर पाठ थोपटून, "बिचारी!"

मी कुणाला काही बोलले नाही. मेंढीने बोलायचं नसतं.

*

सहा महिन्यांनी तक्ते मांडले. दोन्ही गटांचं वजन सारखं. हार्मोनही सारखं. हे डोकं धरून बसले. दोन वर्षांची तयारी पाण्यात!

मोठे साहेब शेडमध्येच कडाडले. "पेंडीचा गट बिनपेंडीच्या पुढे गेलाच नाही. याचा अर्थ पेंड चोरीला जातेय. लखमी, उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

लखमीच्या हातातला खराटा खाली पडला. "माज्या घरी बकरी नाय, कोंबडी नाय. पेंड काय मी खाते? तुमी सांगितलं तेवडी मापून घातली. एक मूठ कमी नाय, एक मूठ जास्ती नाय."

हे बुटांकडे बघत होते. सावेभाऊ छताकडे. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी.

ट्रे मी पेंडीच्या पोत्यावर ठेवला.

"लखमीने काही नेलं नाही," मी म्हटलं. "बिनपेंडीच्या मेंढ्यांना रोज मी घालते. पोळी, डाळ, हरभरे."

सगळे माझ्याकडे वळले. हे तर असे बघत होते, जणू मेंढीच बोलली.

साहेब जरा नरमले. "वहिनी, तुमच्या एका वाटीने सहा मेंढ्यांचं वजन वाढत नाही."

"नाहीच वाढत," मी म्हटलं. "म्हणून म्हणते, तक्त्यात माझी वाटी लिहा, सावेभाऊंचं बिरडं लिहा, आणि साहेब, तुमचे शेंगदाणेही लिहा. ती सात नंबरची बघा, तुमच्या चपला वाजल्यापासून खिसा शोधतेय!"